‘ऋण’ आणि ‘पाप’ : येशूच्या शिकवणीतील एका शब्दाचा ऐतिहासिक विचार

येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत आलेली आहे. दोन्ही पाठ लहान आहेत. परंतु एके ठिकाणी त्यांच्यात जो फरक पडतो तो अभ्यासकाने सहजासहजी ओलांडून जावा असा नाही. मत्तयाच्या पाठात देवाजवळ जी मागणी आहे ती ऋणांतून मुक्त करण्याची. लूकच्या पाठात तेथे पापांच्या क्षमेची मागणी आहे. मात्र लूकदेखील पुढच्याच चरणात, माणसांनी एकमेकांना काय सोडावे हे सांगताना, पुन्हा ऋणकोचाच शब्द वापरतो. म्हणजे वाक्याच्या पूर्वार्धात बदललेला शब्द उत्तरार्धात तसाच राहून गेला आहे. मराठीत प्रचलित असलेल्या मत्तयाच्या भाषांतरात ‘ऋण’ हाच शब्द ठेवलेला आहे, व मूळ ग्रीक शब्दाशी तो प्रामाणिक आहे. इंग्रजीभाषी जगात मात्र टिंडलच्या भाषांतरातून १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ‘अपराध’ या अर्थाचा शब्द गेला आणि तोच कोट्यवधी लोकांच्या तोंडी बसला. १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरात मत्तयाच्या या वचनात ‘ऋण’ आहे. परंतु ग्रंथातील शब्दापेक्षा नित्यपाठातील शब्द अधिक बलवान ठरतो, याचे हे एक उदाहरणच होय.

प्रश्न केवळ भाषांतराचा असता तर तो कोशकारांवर सोपविता आला असता. येशूच्या शिकवणीचा विषय माणसाचे अंतःकरण हा होता, की माणसामाणसांतील देण्याघेण्याचा व्यवहारही त्या शिकवणीच्या कक्षेत येत होता, हा वाद या एका शब्दाभोवती गेली कित्येक दशके चालू आहे. एका पक्षाला येशू हा पापमुक्तीचा उपदेशक वाटतो, दुसऱ्याला कर्जबाजारी शेतकऱ्यांचा कैवारी. दोन्ही पक्षांजवळ पुरावा आहे, आणि दोन्ही पक्ष आपल्याला नको असलेला पुरावा वाचीत नाहीत, अशी तक्रार करण्यास जागा आहे.

येशूचे ऐतिहासिक चरित्र शोधण्याचा जो उद्योग राइमारुसच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखांपासून (१७७४–७८) सुरू झाला, त्याचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १९०६ साली अल्बर्ट श्वाइट्सर याने त्या उद्योगाचा जो हिशेब मांडला त्याचे सार एवढेच, की प्रत्येक पिढीने येशूच्या रूपात आपलेच मुख पाहिले. १९३७ साली अमेरिकन अभ्यासक हेन्‍री कॅडबरी याने येशूला आधुनिक बनविण्यातील धोक्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. १९५३ साली एर्न्स्ट केझमान याच्या व्याख्यानाने या संशोधनाला पुन्हा चालना मिळाली. तथापि त्या पिढीची एक कसोटी अशी होती, की जे वचन तत्कालीन यहुदी विचाराशी जुळत नाही तेच निःसंशय येशूचे मानावे. ही कसोटी लावली की येशू आपल्याच समाजातून उपटून काढल्यासारखा होतो. गेझा वेर्मेश (१९७३) आणि ई. पी. सँडर्स (१९८५) यांच्या ग्रंथांनंतर ही पद्धत मागे पडली. येशू गालीलातील यहुदी होता, यहुदी धर्मशास्त्राच्या परिभाषेत बोलत होता व त्याचे श्रोते तीच परिभाषा जाणत होते, हे आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. ऋणाच्या प्रश्नाचा विचारही याच भूमीवर उभे राहून केला पाहिजे.

येशूची बोलीभाषा अरामी होती. अरामी भाषेत ‘होबा’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात : धनकोला देणे असलेली रक्कम आणि देवापुढे केलेला अपराध. हिब्रू धर्मग्रंथांच्या अरामी भाषांतरांत ‘पाप’ या अर्थी हा शब्द वारंवार येतो. गॅरी अँडरसन या विद्वानाने २००९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे, की जुन्या हिब्रू वाङ्मयात पापाची कल्पना मुख्यतः ओझ्याची होती. पाप वाहावयाचे, पाप उचलून न्यावयाचे. प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे बकऱ्याच्या माथी देऊन त्याला रानात सोडावयाचे, या विधीच्या मुळाशी तीच कल्पना आहे. इराणी साम्राज्याच्या काळात अरामी ही राज्यकारभाराची व व्यापाराची भाषा झाली आणि ओझ्याची जागा हळूहळू कर्जाने घेतली. पाप हे फेडावयाचे, नोंदले जाणारे, वसूल होणारे किंवा सोडून दिले जाणारे काहीतरी झाले. यास्तव येशूने ‘होबा’ शब्द उच्चारला तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात एकाच वेळी दोन्ही अर्थ उभे राहिले असले पाहिजेत. लूकने ग्रीक वाचकांसाठी पहिल्या चरणात ‘पाप’ असे स्पष्ट लिहिले यातही काही कपट नाही. ग्रीक भाषेत कर्जाच्या शब्दाला पापाचा अर्थ चिकटलेला नव्हता. भाषांतर करताना एक अर्थ ठेवून दुसरा सोडण्याची पाळी त्याच्यावर आली, इतकेच.

परंतु शब्दाला दोन अर्थ होते एवढ्यावर थांबता येत नाही. त्या काळी कर्ज हा विषय केवळ रूपकापुरता होता काय? ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात दर सातव्या वर्षी इस्राएली बांधवाचे कर्ज सोडून द्यावे असा नियम आहे. परकीयाकडून मात्र वसुलीस मुभा आहे. ‘लेवीय’ ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासावे वर्ष ‘योबेल’ म्हणून सांगितले असून, त्या वर्षी विकली गेलेली वतनी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी व दारिद्र्यामुळे दास्यात गेलेला माणूस मोकळा व्हावा अशी आज्ञा आहे. या मोकळिकीसाठी वापरलेला ‘देरोर’ हा हिब्रू शब्द बॅबिलोनियातील अक्कदी ‘अंदुरारू’ या शब्दाचा सगोत्र होय. बॅबिलोनचे राजे गादीवर येताना कर्जे व करांच्या थकबाक्या रद्द करण्याचे फर्मान काढीत, इ. स. पूर्वी सतराव्या शतकातील अम्मीसदुका या राजाचे असे फर्मान मातीच्या विटेवर लिहिलेले सापडले आहे. हिब्रू धर्मशास्त्राने यात जो फेरफार केला तो महत्त्वाचा आहे. जे राजाच्या मर्जीवर होते ते कालगणनेवर आणले. राजा कृपाळू असो वा नसो, सातवे वर्ष येणारच.

योबेल वर्ष प्रत्यक्षात कधी पाळले गेले असल्याचा पुरावा मिळत नाही. सातव्या वर्षाचे तसे नाही. त्या वर्षी जमीन पडीक ठेवल्यामुळे धान्याची टंचाई पडल्याचे उल्लेख मक्काबी काळाच्या इतिहासात आहेत. कर्जमुक्तीच्या नियमाला कायद्याचे बळ होते याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे तो नियम टाळण्यासाठी काढलेली युक्ती. येशूच्या आधीच्या पिढीतील थोर शास्त्री हिल्लेल याने ‘प्रोसबूल’ नावाचा एक लेख प्रचारात आणल्याचे मिश्ना सांगते. सातवे वर्ष जवळ आले की धनिक लोक गरिबांना कर्ज देईनासे होत, आणि धर्मशास्त्राने नेमकी हीच वृत्ती निषिद्ध ठरविली होती. हिल्लेलने तोड काढली ती अशी, की धनकोने न्यायसभेपुढे आपल्या कर्जाची वसुली न्यायसभेच्या हाती असल्याचे लिहून द्यावे. मग ते कर्ज व्यक्तीचे राहत नाही, व सातव्या वर्षी सुटतही नाही. काही ख्रिस्ती लेखकांनी यास पळवाट म्हणून हिणवले आहे. हा अन्याय आहे. पेरणीच्या वेळी बियाणे न मिळालेल्या कुळाला सात वर्षांनी मिळणाऱ्या माफीचा काय उपयोग? हिल्लेलची दृष्टी त्या कुळाकडे होती, आणि मिश्नाने हा निर्णय लोकव्यवस्थेच्या रक्षणार्थ घेतल्याचे नमूद केले आहे ते यथार्थ आहे. तथापि या तोडग्याने धर्मशास्त्रातील माफी बहुतांशी कागदावर राहिली, हेही नाकारता येत नाही.

ही स्थिती केवळ शास्त्रग्रंथांतून कळते असे नाही. मृत समुद्राच्या पश्चिमेकडील वादी मुरब्बात येथील गुहांत १९५१–५२ साली जे कागद सापडले व १९६१ साली प्रसिद्ध झाले, त्यांत नेरो बादशहाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ. स. ५५–५६ मध्ये लिहिलेले एक अरामी कर्जखत आहे. रक्कम अवघी वीस झूझ. झूझ म्हणजे दीनाराच्या बरोबरीचे नाणे. सातवे वर्ष आले तरीही आपण ही रक्कम फेडू, असे ऋणको त्यात लिहून देतो. येशूच्या मरणानंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचा हा कागद. वीस दिवसांच्या मजुरीइतक्या कर्जासाठीही धर्मशास्त्रातील माफीचा हक्क आधीच सोडून द्यावा लागत होता, हे त्यावरून दिसते. पुढे दहा वर्षांनी, इ. स. ६६ मध्ये, यरुशलेमात रोमी सत्तेविरुद्ध बंड उसळले तेव्हा बंडखोरांनी प्रारंभीच दफ्तरखान्याला आग लावली व तेथील कर्जरोखे जाळले. कर्जदारांचा मोठा समुदाय आपल्या बाजूस यावा व गरिबांनी श्रीमंतांविरुद्ध उठावे हा त्यामागील हेतू होता, असे योसेफस लिहितो. आणि योसेफस हा बंडखोरांचा मित्र नव्हता. महाराष्ट्रातील वाचकाला येथे १८७५ च्या मे महिन्यातील सुपे गावाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. परंतु अशी साम्ये मनाला पटकन पटतात म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहावे. दख्खनेतील दंग्यांमागे जमीनमहसूल, कापसाच्या भावातील घसरण व इंग्रजी दिवाणी न्यायालये होती, आणि कापसाचा तो बाजार व ती न्यायालये पहिल्या शतकातील यहुदियात नव्हती.

यरुशलेमातील या पुराव्यावरून गालीलाविषयी किती अनुमान करावे हा वादाचा मुद्दा आहे. गालील हेरोद अंतिपाच्या अमलाखाली होते (इ. स. पू. ४ ते इ. स. ३९). त्याने सेफोरिस हे नगर पुन्हा उभारले आणि तलावाच्या काठी तिबिर्या वसविले. या दोन राजधान्यांच्या खर्चाने खेड्यांतील शेतकरी कर्जात बुडाला व जमिनी मोठ्या धनिकांच्या हाती गेल्या, असे चित्र रिचर्ड हॉर्सली, डग्लस ओकमन (१९८६) आणि जॉन डॉमिनिक क्रॉसन (१९९१) यांनी रंगविले. सँडर्सने यास प्रथमपासून हरकत घेतली. मॉर्टेन येन्सेन या डॅनिश संशोधकाने २००६ मध्ये उत्खननांचा पुरावा तपासून असे मत दिले, की अंतिपाच्या कारकीर्दीत गालीलातील खेडी खालावल्याची चिन्हे दिसत नाहीत. उलट वस्ती वाढती आहे. या वादात आज तरी येन्सेनची बाजू अधिक वजनदार वाटते. परंतु खेडे भरभराटीत असणे आणि त्यातील एखादे कुटुंब कर्जापायी उघड्यावर येणे, या दोन गोष्टी एका वेळी घडू शकतात. खापरांचे ढीग मोजून दुसरी गोष्ट कळत नाही. येशूच्या दृष्टांतांत कर्ज, कारभारी, दुसऱ्याच्या मळ्यात रोजाने राबणारे मजूर आणि परगावी राहणारे मालक इतक्या सहजपणे येतात, की श्रोत्यांना त्यांचा परिचय करून देण्याची गरज त्याला पडत नाही. मोठे अरिष्ट होते असे म्हणण्यास आधार अपुरा आहे. नित्याची धास्ती होती असे म्हणण्यास तो पुरेसा आहे.

या दृष्टांतांपैकी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय दासाची कथा विशेष बारकाईने वाचण्यासारखी आहे. राजा आपल्या दासांचा हिशेब घेऊ लागतो आणि एकाकडे दहा हजार तलांत निघतात. तलांत हे त्या काळचे सर्वांत मोठे मान, आणि दहा हजार हा ग्रीक भाषेतील सर्वांत मोठा अंकवाचक शब्द. एका तलांताचे सहा हजार दीनार धरले तर ही रक्कम सहा कोटी दीनारांची होते. एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी, असे मत्तयाच्याच विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या कथेवरून कळते. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले तरी हे कर्ज फिटण्यास दोन लाख वर्षे लागतील. आणखी एक तुलना करता येते. योसेफसच्या सांगण्याप्रमाणे हेरोद अंतिपाला गालील व पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला दोनशे तलांत वसूल मिळे. म्हणजे त्या दासाचे कर्ज गालीलच्या सत्ताधीशाच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाइतके. ऐकणारे हसले असतील. कथेतील राजा त्याला, त्याच्या बायकोला व मुलांना विकण्याचा हुकूम देतो. यहुदी कायद्यात पत्नीला विकण्याची तरतूद नव्हती हे योआकिम येरेमिअस याने दाखविले असून, श्रोत्यांनी हा कोणी परकी राजा समजावा असा त्याचा अर्थ त्याने लावला आहे.

दास मुदत मागतो. राजा मुदत देत नाही. तो सगळेच सोडून देतो. जे मागितले ते नाकारून त्याहून भलतेच मोठे काही दिले जाते, आणि येथे मत्तयाने वापरलेला ग्रीक शब्द पापाचा नव्हे, अपराधाचा नव्हे, तर बाजारातील उसनवारीचा आहे. तोच दास बाहेर पडतो, शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याची नरडी धरतो, व त्याने जवळजवळ त्याच शब्दांत मागितलेली मुदत नाकारून त्याला तुरुंगात टाकतो. शंभर दीनार ही काही थट्टेची रक्कम नव्हे. ते तीन-चार महिन्यांचे पोट आहे. पहिला आकडा स्वप्नातला आणि दुसरा आकडा आठवड्याच्या बाजारातला, अशी ही योजना आहे. मोठ्या आकड्यापाशी रूपक संपत नाही. ते उतरते ते एका खऱ्या गळ्याभोवतीच्या खऱ्या हातांपाशी. या दृष्टांताला केवळ अंतःकरणाच्या क्षमेचा पाठ समजणारे व्याख्याते पहिल्या आकड्यावर थांबतात. त्याला केवळ सावकारीवरील टीका समजणारे दुसऱ्या आकड्यावर थांबतात आणि पहिला कशासाठी आला हे त्यांना सांगता येत नाही.

लूकच्या सोळाव्या अध्यायातील कारभाऱ्याची कथा याहून अवघड. नोकरीवरून निघण्याची वेळ आलेला कारभारी मालकाच्या ऋणकोंना बोलावून शंभर माप तेलाचे पन्नास आणि शंभर माप गव्हाचे ऐंशी असे खत बदलून लिहावयास सांगतो, आणि मालक त्याची तारीफ करतो. लबाडीची स्तुती कशी, या पेचाने प्राचीन टीकाकारांनाही दमविले आहे. १९६१ साली डंकन डेरेट याने एक वेगळी उपपत्ती मांडली. डेरेट लंडन विद्यापीठात पौर्वात्य कायद्यांचा अध्यापक होता व हिंदू धर्मशास्त्रावरील त्याचे ग्रंथ भारतीय वाचकांना सुपरिचित आहेत. मुनीम व मालक यांच्या नात्याचा आणि व्याज मुद्दलात मुरवून खत लिहिण्याच्या रीतीचा त्याला चांगला व्यासंग होता. त्याच्या मते यहुदी कायद्याने बांधवाकडून व्याज घेण्यास बंदी असल्यामुळे खतात व्याज वेगळे न दाखविता धान्याच्या किंवा तेलाच्या एकूण मापात मिळवून लिहीत. कारभाऱ्याने जे कमी केले ते हे छुपे व्याज. असे असेल तर मालकाला त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय नव्हती. तक्रार करणे म्हणजे आपण धर्मशास्त्र मोडले अशी कबुली देणे. ही उपपत्ती सर्वांना पटलेली नाही. कथेत व्याजाचा उल्लेखच नाही, हा तिच्यावरील आक्षेप सबळ आहे. पण ज्यांनी खते पाहिली आहेत त्यांना ती पटावी आणि ज्यांनी केवळ प्रवचने ऐकली आहेत त्यांना पटू नये, अशी तिची जात आहे.

लूकच्याच चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे वचन वाचतो, तो प्रसंग या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. त्या वचनात बंदिवानांच्या मोकळिकीसाठी जो हिब्रू शब्द आहे तो योबेल वर्षासाठी वापरलेला ‘देरोर’च होय. जुन्या ग्रीक भाषांतरात सातव्या वर्षाची माफी, योबेलची मोकळीक आणि यशयाच्या वचनातील मुक्तता या तिन्हींसाठी ‘आफेसिस’ हा एकच शब्द आहे, व पुढे ख्रिस्ती वाङ्मयात पापक्षमेसाठी हाच शब्द रूढ झाला. लूकने त्या वचनात यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील एक ओळ मिसळली आहे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती ओळ जेथून घेतली तेथे, ग्रीक भाषांतरात, तिच्या लगत अन्यायाने लिहून घेतलेली खते फाडून टाकण्याची आज्ञा आहे. या आधारावर आंद्रे त्रोक्मे (१९६१) आणि जॉन हॉवर्ड योडर (१९७२) यांनी असे प्रतिपादन केले, की येशूने प्रत्यक्ष योबेल वर्षाची घोषणा केली व प्रोसबूलला विरोध केला. त्रोक्मे हा दुसऱ्या महायुद्धात शेकडो यहुदी निर्वासितांना आश्रय देणाऱ्या ल शाँबों या फ्रेंच गावचा धर्मोपदेशक होता. त्याच्या शब्दाला एक वेगळे नैतिक वजन आहे. पण ते वजन पुराव्याचे नव्हे. येशूने प्रोसबूलचे नाव काढल्याचे कोठेही आढळत नाही, आणि मार्कने नासरेथचा प्रसंग सांगताना हे वाचन दिलेले नाही, त्यामुळे त्याची मांडणी लूकची असण्याचा संभव मोठा आहे.

दुसऱ्या बाजूचाही एक महत्त्वाचा पुरावा याच मृत समुद्राच्या परिसरातून आला. कुमरान येथील अकराव्या गुहेत १९५६ साली सापडलेल्या व १९६५ साली आडाम वान डर वाउडे याने प्रसिद्ध केलेल्या एका गुंडाळीत मलकीसदेक या दिव्य पुरुषाविषयी भाष्य आहे. लेवीयातील योबेल, अनुवादातील कर्जमाफी आणि यशयातील मुक्ततेची घोषणा ही तिन्ही वचने तेथे एकत्र गुंफली आहेत, आणि त्यांचा अर्थ अंतकाळी लोकांची अपराधांच्या भारातून होणारी सुटका असा लावला आहे. म्हणजे कर्जमाफीच्या कायद्याला पापमुक्तीचे रूपक करण्याचे काम ख्रिस्ती मंडळीने प्रथम केले, हा आरोप टिकत नाही. येशूच्या आधीच ते यहुदी समाजात झालेले होते.

आणखी एक अडचण टाळून चालणार नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील तलांतांच्या दृष्टांतात धन्याचे पैसे पुरून ठेवणाऱ्या दासाला, निदान ते पेढीवर ठेवून व्याज का मिळविले नाहीस, असे धनी रागावून विचारतो. विल्यम हर्झोग याने १९९४ मध्ये हा धनी देवाचे प्रतीक नसून जुलमी श्रीमंत आहे, व पैसे पुरणारा दासच कथेचा नायक आहे, असा अर्थ लावला. कल्पकता निर्विवाद, पण मत्तयाने ती कथा ज्या रांगेत बसविली आहे तीत हा अर्थ बसत नाही. येशूने पैशाच्या व्यवहारातील दाखले सर्व प्रकारच्या लोकांच्या तोंडून घेतले, न्यायाधीश अन्यायी असो की कारभारी लबाड, आणि दाखल्यातील प्रत्येक पात्राचे अर्थशास्त्र त्याच्या माथी मारता येत नाही, असे म्हणणे अधिक सरळ होईल.

मग प्रार्थनेतील त्या शब्दाचे काय? निर्णय वाक्याच्या उत्तरार्धावरून करावा लागतो. देवाजवळ मागणी करताना ‘ऋण’ हे रूपक असणारच. देवाकडून कोणी उसने पैसे घेतलेले नसतात. पण मागणी करणारा लगेच आपण आपल्या ऋणकोंना सोडले आहे असे सांगतो, आणि तेथे रूपकाची सक्ती राहत नाही. त्या चरणातील ऋणको शेजारच्या घरात राहतो. त्याने अपमान केला असेल किंवा त्याच्याकडे वीस झूझ येणे असतील. शब्दाने दोन्ही कवेत घेतले आहेत. शिवाय हीच मागणी रोजच्या भाकरीच्या मागणीनंतर आली आहे. हातावर पोट असणाऱ्या माणसाच्या दोन चिंता, आजचे अन्न आणि डोक्यावरचे देणे, त्या प्रार्थनेत एकापाठोपाठ एक येतात हा योगायोग समजणे कठीण आहे. येशूजवळ अर्थव्यवस्थेची योजना होती असे यातून निघत नाही. न्यायसभा, दफ्तर, कायदा यांना उद्देशून तो बोलत नाही. हिल्लेलने धनकोची भीती ओळखून कायदा वाकविला. येशूने, परतफेडीची आशा न धरता द्या, असे धनकोलाच सांगितले. पहिल्या उपायाने कर्ज मिळत राहिले, दुसऱ्याने ते सुटू शकत होते. हिल्लेलच्या उपायाला यंत्रणा होती. येशूच्या सांगण्याला प्रार्थना करणाऱ्याच्या शब्दावाचून कसलाही जामीन नव्हता. हा फरक गुणाचा की दोषाचा, याविषयी विद्वानांत मतभेद राहतीलच.

क्रिस्टर स्टेंडाल याने १९६२ साली एक उपयुक्त भेद सांगितला : वचनाचा अर्थ तेव्हा काय होता हा एक प्रश्न, आणि आज काय आहे हा दुसरा, पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर लादू नये, तसेच दुसऱ्याचे पहिल्यावरही. हा भेद ध्यानात ठेवून आजच्या एका उदाहरणाकडे पाहता येईल. ख्रिस्ती मंडळीने व्याजाविषयी नियम केले (इ. स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेने धर्माधिकाऱ्यांना व्याज घेण्यास मनाई केली), परंतु कर्जमुक्तीचा नियम केला नाही. तो विचार राजकीय व्यवहारात परत आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. गरीब राष्ट्रांची न फिटणारी कर्जे इ. स. २००० पर्यंत रद्द व्हावीत अशी ‘ज्युबिली २०००’ ही चळवळ ब्रिटनमध्ये उभी राहिली, आणि तिचे नावच योबेल वर्षावरून घेतले होते. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम येथे धनाढ्य राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली असता सुमारे ७०,००० लोकांनी मानवी साखळी केली. जागतिक बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी १९९६ साली कर्जसवलतीची योजना आखली होती. १९९९ व २००५ साली तिचा विस्तार झाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सोमालिया हा ती योजना पूर्ण करणारा सदतिसावा देश ठरला.

हे यश खरे आहे, आणि अपुरेही आहे. झांबियाला २००५ साली या योजनेखाली मोठी माफी मिळाली. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच देशाला आपल्या रोख्यांचे व्याज देता आले नाही. मधल्या काळात धनको बदलले होते. पूर्वीचे धनको मुख्यतः पाश्चात्त्य सरकारे व आंतरराष्ट्रीय संस्था. नंतरच्यांत चीनमधील कर्जदात्या संस्था आणि रोखेबाजारातील खाजगी गुंतवणूकदार. दृष्टांतातील राजाप्रमाणे, हिशेब घेणारा आणि सोडणारा एकच असावा, अशी स्थिती राहिली नाही. रोखेधारकांशी झांबियाचा करार होण्यास २०२४ साल उजाडले. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या योबेल वर्षाच्या घोषणापत्रात पुन्हा एकदा गरीब देशांची कर्जे सोडण्याचे आवाहन केले.

चळवळीने योबेल हा शब्द घेतला. त्याच्या मागचे गणित मात्र घेतले नाही. तिला एक वर्ष हवे होते, एकदाच येणारे, सहस्रकाच्या टोकावरचे. धर्मशास्त्राने माफी एकदा सांगितलेली नाही, दर सात वर्षांनी सांगितली आहे. कर्जे पुन्हा होतील हे त्याने गृहीतच धरले होते. ‘अनुवाद’ ग्रंथाचा तोच पंधरावा अध्याय एके ठिकाणी दारिद्र्य राहू नये म्हणतो आणि थोड्याच ओळींनंतर गरीब देशात नेहमीच राहतील असेही म्हणतो. टीकाकारांनी यात विसंगती काढली आहे. परंतु मुदतबंद, पुन्हा पुन्हा येणारी माफी ज्याला सांगावयाची आहे त्याला ही दोन्ही विधाने लागतात. आणि येशूच्या प्रार्थनेत तर सात वर्षांचीही मुदत नाही. तेथे भाकर त्या दिवसाची आहे, आणि ऋण सोडावयाचे ते तिच्याबरोबरच.